गाडी गावंडेंची, आवाज नेमसिंगचा

प्रफुल्लराव गावंडे यांनी मोटारसायकलचा सायलेन्सर बदलला आणि फुलसावंगीच्या रस्त्यावर एक मेलेला माणूस पुन्हा रोज येऊ-जाऊ लागला. गोष्ट खरं तर एवढीच. पण एवढ्यावर थांबलं तर प्रफुल्लरावांची बाजू राहून जाईल, आणि त्यांनाही एक बाजू असते हे तसंही फारसं कोणाच्या लक्षात येत नाही.

याला कारण त्यांची गाडी. महागावच्या एका शाळेत प्रफुल्लराव वरिष्ठ लिपिक आहेत. जन्मात कोणाला एक अक्षर शिकवलेलं नाही, तरी गाव त्यांना 'सर' म्हणतं, आणि तेही ते नाकारत नाहीत. रोज फुलसावंगी ते महागाव जाणं-येणं. गाडी शंभर सीसीची, आणि आवाज असा की शेजारच्या घरात कोणी घाबरत घाबरत शिलाई मशीन चालवतंय. तिच्यासाठी रस्त्यातली म्हैस उठत नसे. पानटपरीवरचं बोलणं थांबत नसे. एकदा तर त्यांनी स्वतःच्याच दारात हॉर्न दिला तेव्हा त्यांच्या पत्नीने, रुपालीताईंनी, आतूनच सांगितलं होतं, "आज काही नाही बाप्पा, पुढं जा."

आता हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही, कारण बाहेरचा माणूस खिडकीतून बघतो. फुलसावंगीत कोणी बघत नाही, ऐकतात. ही चेन खडखडली, म्हणजे गिरणीवाला. ही चढावर रडली, म्हणजे पोस्टमन. ही उतारावर बंद झाली, म्हणजे पेट्रोल वाचवणारे आमचे नानाजी. आवाजावरून चुलीवर चहा चढतो, आवाजावरून विड्या विझतात आणि आवाजावरूनच पोरं पुस्तकं उघडतात. ज्याच्या गाडीला आवाज नाही तो माणूस गावात येतच नाही. तो फक्त असतो.

ही जखम प्रफुल्लरावांनी बरीच वर्षं सांभाळली. मग त्यांची मुलगी नयन अकरावी सायन्सला गेली आणि मोबाइलवर इंजिनं उघडून बघू लागली.

"बाबा, तुमच्या गाडीचा श्वास कोंडला हाय," ती एका संध्याकाळी म्हणाली. "कंपनीच्या सायलेन्सरमध्ये जाळ्या असतात, कप्पे असतात. धूर इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरत राह्यते. बाहेर येईपर्यंत त्याच्यात ना ताकद राह्यत, ना आवाज. तो मोकळा केला की पिकअप वाढते अन् आवाज असा येते की गावानं मान वळवली पाह्यजे."

कप्प्याकप्प्यांतून फिरून ताकद आणि आवाज दोन्ही गमावण्याचं ते वर्णन ऐकताना प्रफुल्लरावांना पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याबद्दल कोणीतरी काहीतरी बरोबर बोललं. त्यांनी वरणात आणखी थोडं तूप घेतलं. निर्णय झाला होता.

त्याच आठवड्यात शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या घरचं लग्न पांढरकवड्याला होतं. हैदराबादच्या रस्त्याला लागून जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे प्रफुल्लराव अक्षता टाकून लगेच गेले. टिनाच्या शेडमध्ये आढ्याला सायलेन्सर टांगलेले होते, ओळीने, तोंडं खाली करून. वारा अजिबात नव्हता. तरी त्यातला एक अगदी हळू घुमत होता. ट्रक गेला की थांबायचा आणि ट्रक दूर गेला की पुन्हा लागायचा. असं कधी होत नाही, एरवी ट्रकने घुमतं आणि ट्रकनंतर थांबतं, हे प्रफुल्लरावांच्या लक्षात यायला हवं होतं. पण आपल्याला हवी ती वस्तू समोर दिसली की माणसाचं विज्ञान जरा बाजूला बसतं.

"हा कोणत्या गाडीचा होता?" त्यांनी विचारलं.

दुकानदार पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. "इथं ते इचारत नसतात सर. इथं आलेली गाडी कोणाचीच नसते."

"नाही जमला तर वापस घ्याल का?"

दुकानदाराने पन्नीला रबर लावलं. "वापस तर कोणीच येत नाही ना सर," तो म्हणाला आणि सायलेन्सर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

फुलसावंगीला बसस्टँडजवळ गोपालचं गॅरेज आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी गोपालने जुना सायलेन्सर काढला, नवा, म्हणजे खरं तर जुनाच, चढवला आणि किक मारली.

आधी एक खोल श्वास घेतल्यासारखं झालं. मग आवाज उघडला. धड, धड, धड, आणि मधेच एक ठोका गाळून पुन्हा धड, जणू कोणी गालातल्या गालात हसतंय. प्रफुल्लरावांच्या अंगावर आनंदाने काटा आला. समोर पानटपरीवाल्याचा चुना लावणारा हात हवेतच थांबला. बाकावरचे दोघे उभे राहिले. आणि बाकाखाली कायम मेल्यासारखं पडलेलं काळं कुत्रं उठलं, गाडीच्या मागच्या चाकाशी आलं, हुंगलं आणि शेपूट हलवत बसलं.

गोपालने स्वतःच किल्ली बंद केली.

"सर, काढून टाकू का हा?"

"कायले? आत्ताच तर लावला."

"हा नेमसिंगचा आवाज हाय."

नेमसिंग म्हणजे बंजारा तांड्याच्या वळणावरच्या हिरासिंगचा मुलगा. उंच, हसरा, व्हॉलीबॉल खेळणारा, गावात ट्रॅक्टरपासून बोअरपर्यंत काहीही बिघडलं की ज्याला बोलावणं जायचं तो. त्याची गाडी नाल्यापलीकडून ऐकू यायची. दोन वर्षांपूर्वी पांढरकवड्याजवळ हायवेवर कंटेनरने त्याला उडवलं. तो घरी आला चादरीत, आणि गाडी तिकडेच भंगारात गेली.

"गोपाल, असे सायलेन्सर जागोजागी असतात," प्रफुल्लराव म्हणाले. शाळेत ते जन्मतारखेच्या तक्रारींशी ज्या आवाजात बोलतात, तोच आवाज त्यांनी लावला.

"असतीन. पण हा ठोका गाळून राह्यला. ठोका गाळणारा एकच होता."

प्रफुल्लरावांनी आजूबाजूला बघितलं. सगळा स्टँड त्यांच्याकडे बघत होता. तोंडं उघडी होती, हे खरं. चेहरे पांढरे होते, हेही खरं. पण बघत होते. त्यांनी गाडीला टांग मारली.

त्या संध्याकाळी म्हशी उठल्या. कोंबड्या बाजूला झाल्या. नळावरच्या बायांनी पदर ओढले आणि घागरी तशाच ठेवून त्या घरात गेल्या. हा मान आहे असं समजून प्रफुल्लराव किंचित हात वर करत घरापर्यंत आले. घराचं दार त्यांच्या डोळ्यांदेखत आतून बंद झालं.

"कोण हाय?" रुपालीताईंचा आवाज.

"मी."

"मी कोण?"

आता या प्रश्नाला संसाराच्या इतक्या वर्षांनंतर नवऱ्याजवळ तयार उत्तर असायला पाहिजे. प्रफुल्लरावांजवळ नव्हतं. त्यांनी खिडकीतून आधार कार्ड दाखवलं, असं नयन नंतर सगळ्यांना सांगे. ते खोटं आहे. त्यांनी शाळेचं ओळखपत्र दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून धुकं पडायला लागलं. कापूस फुटण्याचे दिवस होते. सकाळी महागावच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना पांढरे पुंजके असे दिसत, की शेतात बरीच माणसं रुमाल धरून उभी आहेत. तांड्याचं वळण आलं की गाडी आपणहून हळू व्हायची आणि हँडल हिरासिंगच्या फाटकाकडे वळायला बघायचं. प्रफुल्लरावांनी चाकात हवा भरून घेतली. मग चाकच बदललं. मग वळण यायच्या आधी हँडल दोन्ही हातांनी असं घट्ट धरू लागले, की शाळेत जाऊन सही करताना बोटं सरळ होत नसत.

संध्याकाळी परत येताना फाटक उघडं असायचं. हिरासिंग, पांढरा फेटा, पाठीचा कणा ताठ, बाजूला उभा असायचा. तो प्रफुल्लरावांकडे बघत नसे. त्यांच्या खांद्यावरून थोडंसं मागे, रिकाम्या सीटकडे बघे आणि मान हलवे. नमस्कार करायला प्रफुल्लरावांचा हात उठे आणि तो नमस्कार आपल्यासाठी नव्हता हे कळून परत हँडलवर येई.

मग सामान यायला लागलं.

पहिल्या दिवशी पहाटे त्यांच्या अंगणात फवारणीचा पंप होता. कोणी ठेवला, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी ताडपत्री, नीट घडी घातलेली. मग व्हॉलीबॉलची जाळी. मग एक इस्त्री केलेला निळा शर्ट, हँगरसकट, तुळशीजवळच्या खिळ्याला लावलेला. बिना वाऱ्याचा तो बाही हलवत होता, त्यामुळे रुपालीताईंनी त्या दिवशी अंगण झाडलं नाही. नेमसिंगकडून उसनं नेलेलं आणि तो गेल्यावर निवांत स्वतःचं समजलेलं अख्ख्या गावातलं सामान, आवाज ऐकल्यापासून एकेक करून मालकाकडे परत निघालं होतं. मालक कुठे राहतो याबद्दल मात्र गावाचं एकमत झालं होतं: गाडी जिथे उभी राहते तिथे.

शेवटी नयनने पाळत ठेवली आणि उजाडता उजाडता अंगणात शेजारचे नानाजी सापडले.

"नानाजी, तुम्ही?"

"मी फिरायला निघालो पोरी." नानाजींच्या हातात टॉर्च होता, पितळी, जुना. "हा हातात राह्यला चुकून."

"दोन वर्षं?"

नानाजींनी टॉर्च पायरीवर ठेवला आणि मोठ्या माणसाचा आव आणला. "प्रफुल्लले सांग, सायलेन्सर काढून नदीत टाक म्हणा. नाहीतर कोणाले तरी विकून दे. विकलं की त्याच्या मागं जाते ते. म्या तुह्या भल्यासाठी सांगून राह्यलो."

पलीकडच्या विमलताईंनी भल्यासाठीच लिंबू-मिरची आणली. पण ती सायलेन्सरला बांधली तर जळून खमंग वास आला आणि चौकातल्या तिघा-चौघांनी कुठे फोडणी चालली आहे म्हणून विचारलं. मग त्यांनी सांगितलं, की सायलेन्सरच्या तोंडाला नारळ फोडा भाऊजी. नारळ फुटला नाही. सायलेन्सरला पोचा आला आणि गाळलेला ठोका आणखी स्पष्ट ऐकू यायला लागला.

प्रफुल्लरावांनी मात्र काय करावं? नियमाने चालणारा माणूस तो. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवणं त्यांना जमेना. त्यांनी पंप, ताडपत्री, जाळी, शर्ट, टॉर्च सगळं गाडीवर बांधलं आणि हिरासिंगच्या घरी पोचवलं. त्याच गाडीवर, त्याच संध्याकाळच्या वेळेला, कारण दुसरी गाडी त्यांच्याकडे नव्हती आणि दुसरी वेळही नव्हती.

हिरासिंगने एकेक वस्तू हातात घेतली, उलटून बघितली आणि ओट्यावर ओळीने मांडली.

"पाठवलं त्यानं," तो म्हणाला. "सामान आलं. आता तो येईन."

गंमत तिथे संपली होती, पण ती संपल्याचं प्रफुल्लरावांना घरी जाईपर्यंत कळलं नाही.

सायलेन्सर काढायचं त्यांनी त्या रात्रीच ठरवलं. जुना परत लावायचा म्हणून शोधला तर रुपालीताईंनी तो भंगारवाल्याला देऊन त्याबदल्यात प्लास्टिकचं टोपलं घेतलं होतं. टोपलं चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पुसदच्या शोरूमने कळवलं की ते मॉडेल बंद झालं, मागवलं तर येईल, कधी येईल ते येईल तेव्हा कळेल. गोपालने नुसताच काढून बघायचं ठरवलं, तर नट हलेना. पाना घसरायचा. गोपालने हात मागे घेतला आणि फुंकर मारली.

"भाजलं सर."

"गाडी तर सकाळपासून बंद आहे."

"तेच तर म्हणून राह्यलो," गोपाल म्हणाला आणि त्याने पाने डब्यात ठेवून दिले.

ग्रामसभेत अर्ज आला. मयत व्यक्तीच्या आवाजात वाहन चालविण्यास बंदी करावी, असा विषय होता आणि खाली बऱ्याच सह्या होत्या, ज्यांनी पंप आणि ताडपत्री ठेवली त्यांच्याही. ग्रामसेवकांनी नियम वाचले, पुन्हा वाचले.

"आवाज किती असावा याचा नियम हाय," ते म्हणाले. "आवाज कोणाचा असावा याचं कलम नाही. वरून मार्गदर्शन मागवू."

मार्गदर्शन अजून आलेलं नाही.

प्रफुल्लरावांनी शेवटचा उपाय म्हणून पांढरकवड्याला फोन लावला. तो सायलेन्सर नेमसिंगच्या गाडीचा नव्हता एवढं दुकानदाराने सांगितलं, तर ते हिरासिंगला सांगता येणार होतं.

"सर, त्या लायनीतले सगळेच अ‍ॅक्सिडेंटवाले होते," पलीकडून खर्रा चावत उत्तर आलं. "कोणाकोणाचं नाव सांगू तुमाले?"

याच दिवसांत एका दुपारी प्रियंका आली. हिरासिंगची धाकटी मुलगी, नेमसिंगची बहीण, नयनपेक्षा थोडी मोठी. बारावी झाली होती आणि यवतमाळला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. नयन तिला अभ्यासातल्या शंका विचारायला जायची, म्हणून ओळख. ती ओट्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"काका, परवा कॉलेजची शेवटची तारीख हाय. होस्टेलवर हजर नाही झाली तर नंबर जाते."

"मग निघालीस ना?"

"बा जाऊ देत नाही. मामा न्यायले आलता, त्याले वापस पाठवलं. म्हणते, नेमसिंगच तुले सोडून देईन. माह्या भियानं मले शब्द देल्ला होता, तुह्या कॉलेजात मीच नेऊन सोडीन म्हणून. बा म्हणते, रोज येऊन राह्यला, पंप आणला, ताडपत्री आणली, मंग बहिणीले नाही नेणार का?"

प्रफुल्लरावांनी घसा साफ केला. "तू त्यांना समजावून सांग, की नेमसिंग आता..."

"काय सांगू? मेला म्हणून?" प्रियंकाचा आवाज अजिबात चढला नाही. "ते बाले माहीत हाय काका. त्यानंच आग देल्ली. मेला हे त्याले पक्कं माहीत हाय. पण गाडी येते ना, म्हणते."

गाडी अंगणात उभी होती, बंद. तिच्या इंजिनातून टिक, टिक असा बारीक आवाज येत होता. तापलेली गाडी थंड होताना येतो तसा. पण रविवार होता, आणि कालपासून तिला कोणी हात लावलेला नव्हता.

नयनच बोलली. "बाबा, तुम्ही न्या तिले."

"मी?"

"हेल्मेट घाला. काच खाली करा. तोंड नका उघडू. आवाज तर आहेच."

"म्हणजे मी भूत व्हायचं?" प्रफुल्लराव ताठ झाले. "वरिष्ठ लिपिक माणूस मी. लोकांनी माझ्याकडे बघावं म्हणून हे सगळं केलं, अन् आता मी माझं तोंड झाकून दुसऱ्याच्या नावानं गाडी चालवू?"

"फक्त यवतमाळपर्यंत," नयन म्हणाली.

प्रफुल्लरावांनी प्रियंकाकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती सायलेन्सरकडे बघत होती, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती. घरचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटल्यावर जसं बघतात तशी ती बघत होती. त्यांनी रुपालीताईंना हेल्मेट कुठे आहे ते विचारलं.

ठरलेल्या सकाळी धुकं एवढं होतं की फाटकही दिसलं नाही. हँडल मात्र बरोबर वळलं, आणि या वेळी प्रफुल्लरावांनी त्याला वळू दिलं. हिरासिंग पेटी घेऊन उभा होता. त्याने ती स्वतः दोरीने मागे बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. प्रियंका बसली. मग तो पुढे आला, हेल्मेटच्या काळ्या काचेकडे नाही तर टाकीकडे बघत, आणि त्याने टाकीवर तळहात ठेवला.

"बेटा, आर्णीच्या पुढं गाड्या लय जोरात येतात," तो म्हणाला. "कंटेनर दिसला की साइड दे. घाई करू नको. त्या दिवशी सांगाचं राह्यलं होतं."

प्रफुल्लरावांनी मान हलवली. काचेवर आतून वाफ आली होती. ती धुक्याची होती, असं त्यांनी नंतर स्वतःला बजावलं. इंजिनाने एक ठोका गाळला आणि गाडी निघाली.

कबूल केल्याप्रमाणे त्यांनी वाटेत तोंड उघडलं नाही. महागाव गेलं, आर्णी गेलं. कंटेनर दिसला की गाडी आपणहून रस्त्याच्या कडेला येई आणि तो गेला की पुन्हा वेग घेई. प्रफुल्लरावांनी ब्रेकला हात लावल्याचं त्यांना आठवत नाही. यवतमाळच्या होस्टेलच्या गेटसमोर गाडी थांबली तेव्हाच त्यांनी हेल्मेट काढलं.

प्रियंकाने पेटी उतरवली. तिचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता.

"काका, तुमाले आमची गोर बोली इतकी चांगली येते, सांगतलं नाही कधी."

"मला? मला तर याडी म्हणजे आई एवढंच माहीत आहे. अन् मी तर वाटेत एक शब्द बोललो नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पूर्ण रस्ताभर बोलून राह्यले होते तुम्ही. कॉलेजात कोणी त्रास देल्ला तर सांगजो म्हणे. याडीले रोज फोन कर म्हणे." मग वाकून तिने सायलेन्सरला बोटाने हात लावला, पटकन मागे घेतला आणि पेटी उचलून आत गेली. वळून बघितलं नाही.

प्रफुल्लराव हेल्मेट पोटाशी धरून बराच वेळ तिथेच उभे राहिले. त्यांना लगेच गावाकडे जायचं होतं. पण पहिल्याच चौकात पोलिसांनी हात केला.

त्या दिवशी मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरविरुद्ध मोहीम होती. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने आडवे ठेवले होते, बाजूला रोडरोलर उभा होता आणि दोन-तीन फोटोग्राफर. ओळ बघून प्रफुल्लरावांना पांढरकवड्याची शेड आठवली.

"आवाज ऐकलाय का गाडीचा?" पोलीस मॅडमनी विचारलं.

"ऐकलाय मॅडम. गावानंही ऐकलाय."

"गाडी तुमचीच ना?"

"गाडी माझी," प्रफुल्लराव म्हणाले. "आवाज माझा नाही."

असली उत्तरं मॅडमना रोजची असावीत. त्यांनी मेकॅनिकला खूण केली. गोपालला न हललेला नट मेकॅनिकने पाना लावायच्या आधी बोटाने फिरवला तर सैल होऊन हातात आला. सायलेन्सर ओळीत शेवटी ठेवला गेला. रोलर निघाला. बाकीचे सगळे कडाकडा फुटले, डबे फुटावेत तसे. शेवटचा फुटला नाही. त्यातून एक लांब श्वास बाहेर पडला, दिवसभर चालून आलेला माणूस बाजेवर बसताना सोडतो तसा, आणि तो चपटा झाला. रोलरच्या ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. कोणी काही म्हणालं नाही, म्हणून तोही काही म्हणाला नाही.

"साहेब, तुमचा एक फोटो," फोटोग्राफर म्हणाला. "नाव सांगा. उद्याच्या पेपरात येईल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी प्रफुल्लरावांना पेपरसाठी नाव विचारत होतं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि गाडी ढकलत जवळच्या गॅरेजकडे निघाले. तिथे कंपनीचा साधा सायलेन्सर मिळाला, जुन्यासारखाच. गाडी पुन्हा शिलाई मशीनसारखी चालू लागली. प्रफुल्लरावांना तो आवाज इतका बरा वाटला की ते आर्णीपर्यंत गुणगुणत आले.

तांड्याच्या वळणावर दिवस मावळत होता. हिरासिंग फाटकाशी उभा होता, रस्त्याकडे कान लावून. शिलाई मशीन त्याच्या कानापर्यंत गेलीच नाही. गाडी अगदी समोर उभी राहिली तेव्हा तो दचकला.

"सर, तुम्ही?"

त्याने 'सर' म्हटलं होतं आणि तो रिकाम्या सीटकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत होता. प्रफुल्लराव खाली उतरले.

"पोरगी पोचली?" हिरासिंगने विचारलं.

"पोचली. होस्टेलच्या आत गेली."

"अन् तो?"

वाटेत प्रफुल्लरावांनी या प्रश्नाचं उत्तर बरंच घोटलं होतं. चपटा झालेला पत्रा, रोलर, पोलीस मॅडम, सगळं रीतसर क्रमाने सांगायचं ठरवलं होतं. म्हाताऱ्याचा चेहरा बघितल्यावर तो क्रम डोक्यातून गेला.

"तो तिकडंच राहिला," ते म्हणाले. "प्रियंकापाशी."

हिरासिंगने मान हलवली. "बरं केलं त्यानं. नव्या गावात एकटी पोरगी. बसा सर. चहा घ्या."

प्रफुल्लराव ओट्यावर बसले. आयुष्यात एवढं चांगलं खोटं आपण कधी बोललो नव्हतो, असं त्यांना वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला. चहा आला. पहिला घोट घेतला तेवढ्यात हिरासिंगचा फोन वाजला. सगळे लावतात तसा त्याने तो स्पीकरवर लावला.

"बा, भिया आत्ता होस्टेलसमोरून गेला," प्रियंका म्हणाली. "गेटपाशी हळू केली गाडी. थांबला नाही. गावंडे काका अजून यवतमाळातच हायत का?"

प्रफुल्लरावांनी कप ओट्यावर ठेवला. हिरासिंगने त्यांच्याकडे बघितलं, मग फोनकडे.

"नाही. सर इथं बसले हायत. चाय पिऊन राह्यले."

पलीकडे काही वेळ नुसताच वारा ऐकू आला. त्या वाऱ्यात, खूप लांबून, काहीतरी एक ठोका गाळत जात होतं.

"मंग?" प्रियंकाने विचारलं.

"मंग काय," हिरासिंग म्हणाला. "तू जेवली का? जेवून घे. तो हाय तिथं."

प्रफुल्लरावांनी चहा संपवला, कारण अर्धा ठेवणं बरं दिसलं नसतं. निरोप घेतला. गाडीत पेट्रोल होतं, बॅटरी ठणठणीत होती, नवा सायलेन्सर सगळ्या नियमांत बसत होता. किक मारली तर त्यातून आवाज कोणाचा निघेल, एवढंच आता सांगता येत नव्हतं. त्यांनी किल्ली खिशात घातली आणि गाडी फुलसावंगीपर्यंत ढकलत नेली.